गळ्यातलं दावं

बाबांनी खुंटीवरचं दावं काढलं तेव्हा आईला वाटलं, गोऱ्ह्याला बांधायला काढलं असेल. ती चुलीपाशी भाकरी थापत होती आणि तिचं अर्धं लक्ष माझ्या धाकट्या भावाकडे, गुणूकडे होतं, कारण तो राखेत बोटं बुडवून तीच तोंडात घालत होता. मी दारात बसून वेणी घालत होते. बाबांनी दावं झटकलं, गाठ सोडून पुन्हा बांधली आणि ते स्वतःच्याच गळ्यात अडकवलं. मग खांद्यावर घोंगडी घेतली आणि काखेला झोळी लावली.

आईनं थापलेली भाकरी तव्यावर टाकलीच नाही.

"हे काय काढलं आता?"

बाबांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली.

"कोनतं ढोर मेलं आपलं? दोन्ही बैल तं मले इथून दिसून राह्यले."

"ढोर नाही," बाबा म्हणाले. "पाच गावं फिरून येतो. सांजच्याले घरी येतो."

तेव्हा तिला कळलं, आणि मलाही. आमच्या घरात रडायची रीत नव्हती, भांडी आपटायची होती. आईनं परात अशी सरकवली की ती भिंतीवर जाऊन आदळली आणि गुणू दचकून तिच्या पदरात शिरला.

वर्धा नदीच्या काठच्या आमच्या गावांकडे तेव्हा ही चाल होती. आता कुणी असं फिरत नाही. कुणाच्या हातून गाय किंवा बैल मेला, किंवा दावणीला बांधलेलं जनावर गळ्यात दावं असतानाच गेलं, तर मालकाला हत्या लागायची. मग त्यानं दावं स्वतःच्या गळ्यात घालायचं, डोक्यावरून घोंगडी घ्यायची आणि पाच गावं भीक मागायची. तोंडातून शब्द काढायचा नाही. दारात उभं राहून फक्त ढोरासारखं हंबरायचं. सोबत घरचं एक माणूस असायचं, ते सांगायचं, "हत्या झाली माय, वाढा." पाचव्या गावची शेवटची भीक पडली की नदीत आंघोळ करायची, दावं पाण्यात सोडायचं, की फिटलं. पण मधे एक शब्द जरी निघाला तरी फेरी मोडली, पुन्हा पहिल्या गावापासून सुरुवात. असं फिरणाऱ्या एकदोघांच्या मागे आम्ही पोरं हंबरत पळालोही होतो. पोरांना दयामाया नसते.

बाबांच्या हातून बैल मेला नव्हता. शालिक मेला होता.

शालिक नाल्यापलीकडच्या धानोरीचा, विधवा भागरथाबाईचा एकुलता एक. अंगानं चांगला बाप्या माणूस, मनानं गुणूएवढा. भागरथाबाई निंदायला गेली की तो भटकत घरालगतच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात यायचा, खाली पडलेली संत्री वेचायचा आणि गुणूला खांद्यावर घेऊन झाडांमधून पळायचा. गुणू तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. शालिकनं मुद्दाम कधी कुणाला मारलं नव्हतं. पण एकदा शेळीचं पिल्लू खेळवता खेळवता त्यानं आमच्या विहिरीत टाकलं, आणि ते बुडेपर्यंत काठावर बसून टाळ्या पिटत हसत राहिला. त्यानंतर बाबा त्याला बगीच्यात पाऊल टाकू देत नसत. भागरथाबाईही कामाला जाताना त्याला घरातल्या खांबाला बांधून जाऊ लागली.

पोळ्याच्या दुपारी मी आणि आई घरात पुरण वाटत होतो. बाबा अंगणात बैलांची शिंगं रंगवत होते. गुणू कुठे आहे हे तिघांच्याही ध्यानात नव्हतं. बाबांनी मान वर केली तर शालिक विहिरीच्या काठावर उभा होता आणि दोन्ही हातांनी गुणूला विहिरीवर झुलवत होता. बाबांनी हाका मारल्या, त्यानं ऐकलं नाही. त्यांनी बैलगाडीच्या कडेचा उभा दांडा, उभारी, उपसली आणि ते धावले. एका हातानं गुणूला धरलं, पण शालिक सोडेना, दोघं काठावरून घसरायला लागले. बाबांनी दुसऱ्या हातानं उभारी घातली. आम्ही बाहेर आलो तेव्हा गुणू बाबांच्या काखेत होता आणि शालिक विहिरीच्या काठावर पडला होता. त्याच्या डोक्याजवळचं गवत लाल झालं होतं. बाबांच्या हाताला बैलांचा हिरवा रंग तसाच लागलेला होता.

वर्षभरानं कोर्टानं बाबांना सोडलं. लेकराचा जीव वाचवायला मारलं, गुन्हा नाही, असं साहेबांनी सांगितलं. गावात परत आलो तेव्हा सरपंचानं हार घातला. बाबांनी तो घरी आणून बैलाच्या शिंगाला अडकवला आणि बैलानं तो खाल्ला. इथवर सगळं ठीक होतं. पण त्या पोळ्यापासून बाबांनी गुणूला हात लावला नव्हता. तो धावत आला की ते उठून बाहेर जायचे. झोपेत त्यानं अंगावर पाय टाकला तर घोंगडी उचलून ओसरीवर जायचे. शेवटी गुणू शिकला. पळत यायचा आणि हातभर अंतरावर आपणहून थांबायचा. ते मला पाहवायचं नाही, मी तोंड फिरवायचे.

बाबांनी महादेवाच्या देवळातल्या गोसावीबुवांना प्रायश्चित्त विचारलं होतं. बुवा म्हणाले, पापच नाही तं प्रायश्चित्त कायचं? बाबा म्हणाले, रामानं रावन मारला, तेही पाप नव्हतं, तरी रामानं महादेव थापला ना बुवा? त्यावर बुवांनी दाढी खाजवली आणि म्हणाले, बाबू, ढोराचं प्रायश्चित्त मले मालूम हाय, मानसाचं मालूम नाही. बाबांनी त्यातूनच आपला अर्थ काढला होता.

"साऱ्या गावानं म्हटलं, देवमननं बापाचं काम केलं," आई आता म्हणत होती. "तुमचंच कुठी अडलं?"

"अडलं काहीतरी."

"तुमी पाप केलं म्हनसान," आई म्हणाली आणि तिचा आवाज एकदम खाली आला, "तं मंग या पोराचं जितं राह्यनंच पाप झालं. म्हना तसं मायासमोर."

बाबांनी गुणूकडे पाहिलं. "तसं नाही, गोकर्णा."

"मंग कसं?"

"कसं ते मालूम नाही. म्हून तं चाललो."

"मी नाही येत तुमच्यासंगं हत्या हत्या करत. मायं लेकरू वाचलं. माया घरी हत्या झाली नाही."

"वच्छी येईल," बाबा म्हणाले. मला कुणी विचारलं नाही.

उंबरा ओलांडला आणि बाबांचं तोंड बंद झालं. मी पुढे, ते मागे. मनातल्या मनात मी देवाला एवढंच म्हणत होते की शाळेतलं कुणी भेटू नये. पहिल्या गावच्या पहिल्या दारात बाबा उभे राहिले, घोंगडी पुढे ओढली आणि हंबरले. तो आवाज ऐकून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आतून एक बाई सूप घेऊन आली.

"हत्या झाली माय, वाढा," मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हटलं.

"अरेरे. गाय का बैल?"

याचं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. घोंगडीत तोंड दिसत नव्हतं.

"बैल," मी म्हटलं.

"जुना व्हता का?"

"नाही. तरना व्हता."

तिनं पसाभर पीठ झोळीत टाकलं, बाबांना शिवणार नाही अशा बेतानं. मग दुसरं दार, तिसरं दार. कुणी जाडंभरडं पीठ वाढलं, कुणी अळ्या झालेलं. एका म्हाताऱ्यानं बैल कशानं मेला ते खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं, विहिरीपाशी मेला. खोटं बोलायचं म्हटलं की त्याला शेंडा-बुडखा लागतोच. पण उन्हं चढली तसं एक मला जाणवायला लागलं. बाबांचं हंबरणं बदलत होतं. सकाळी ते माणसानं काढलेला आवाज होता. चौथ्या गावात तसं राहिलं नव्हतं, आणि त्यामागे पळणारी पोरंही हंबरायची विसरून नुसतीच पाहत होती. मला आता लाज वाटत नव्हती, भीती वाटत होती.

पाचवं गाव धानोरी. नाला ओलांडल्यावर बाबा मोठ्या गल्लीकडे वळतील, चार घरं घेतील आणि आम्ही नदीवर जाऊ, असा माझा हिशेब होता. ते गल्लीला न वळता सरळ टोकाच्या घराकडे चालू लागले. ते घर मला ठाऊक होतं.

"बाबा, तिथं नको," मी म्हटलं. ते बोलू शकत नव्हते आणि मी त्यांची घोंगडी ओढूनही ते थांबले नाहीत.

भागरथाबाई अंगणात तूर पाखडत बसली होती. बाबा दारात उभे राहून हंबरले. तिनं मान वर केली नाही, सूप चालूच ठेवलं. मी बाबांच्या घोंगडीला धरून उभी राहिले.

"काय म्हनत असतेत असं फिरताना?" तीच म्हणाली. "हत्या झाली माय, वाढा. म्हन नं, पोरी."

मी म्हटलं.

"कोनतं ढोर मेलं?"

मी बाबांच्या मागे सरकले.

"चार गावं तं सांगत आली, तरना बैल मेला म्हून. तुमी पोचायच्या आंधी मायापावतर आलं ते." तिनं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा बाबांकडे पाहिलं. "बैल व्हता का माया शालिक, देवमन?"

बाबांची मान आणखी खाली गेली.

"गाय-बैल मेला तं मानसं हे दावं घेतेत. माया सासऱ्यानं घेतलं व्हतं, मले मालूम हाय. माया लेकासाठी तुले हेच भेटलं? जनमभर लोकं म्हनत, बांधून ठेव, बांधून ठेव. म्याच बांधे त्याले खांबाले, ढोरावानी. पोळ्याच्या दिशी म्या सोडलं त्याले. म्हटलं, आज बैलाच्याही मानीवर जू नाही, मायाच लेकाच्या कंबरले दावं काऊन?" तिनं पदरावरचं फोलपट झटकलं. "म्या सोडलं अन् तो तुयाकडं आला. मेल्यावर तरी त्याले ढोर नको करू. बोल आता. कोनतं ढोर मेलं?"

मला वाटलं, बाबा तसेच उभे राहतील. राहायला हवं होतं. तिनं वाढलं नसतं तर शेजारच्या दारात वाढलं असतं, तिथून नदी उताराला होती, आंघोळ केली की झालं. सकाळपासूनचं सगळं हंबरणं पदरात पडलं असतं.

"ढोर नाही, माय," बाबा म्हणाले. दिवसभर बंद असलेला त्यांचा आवाज घोगरा झाला होता. "मानूस मेला. म्या मारला."

फेरी मोडली. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

भागरथाबाईनं पदरानं कपाळ पुसलं. "बोललाच तं खरं सांग. माया पोट्टा तुया लेकराले टाकत व्हता का?"

"मालूम नाही."

"कोर्टात तं वेगळं म्हनला."

"कोर्टात इचारलं, पोराचा जीव जाईल असं वाटलं का? म्हटलं, वाटलं. ते खरं व्हतं." बाबांनी घोंगडी डोक्यावरून मागे सारली. "पन लेकरू हासत व्हतं, माय. शालिकही हासत व्हता. झोका, झोका म्हने. म्या गुणूचा हात धरला तं त्याले खेळ वाटला, तो तिकडून ओढे. दोघायचेही पाय निसटत व्हते. मले ते शेळीचं पिल्लू दिसलं. तवाही तो असाच हासे."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"हे म्या कोनाले सांगतलं नाही. गोकर्णालेही नाही. मले कोनी इचारलंच नाही, लेकरू रडत व्हतं का हासत व्हतं."

"अन् उद्या पुन्हा तसंच दिसलं तं?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते आणि मनातून त्यांनी काहीतरी गोड बोलावं अशी माझी इच्छा होती.

"पुन्हा मारीन," ते म्हणाले. "मले दुसरं काही सुचनार नाही. मारीन, अन् पुन्हा असाच तुया दारात येऊन उभा राहीन."

आज मी बाबांच्या त्या वेळच्या वयाच्या कितीतरी पुढे आले आहे. त्या उत्तरात मला अजून कुठे खोट सापडलेली नाही आणि समाधानही सापडलेलं नाही. भागरथाबाई मात्र हे ऐकून भडकली नाही. तिनं तुरीत हात घातला आणि दाणे नुसतेच वरखाली करत बसली. ते पाहता पाहता मी बोलून गेले.

"बाबा गुणूले हात लावत नाहीत."

"आँ?"

"तवापासून. एक डाव बी उचलून घेतलं नाही. तो बिचारा दूरच थांबते."

"वच्छे," बाबा म्हणाले.

भागरथाबाई उठून उभी राहिली. "खरं हाय हे?"

बाबांनी उजवा हात पाहिला, जणू तो कुणी दुसऱ्यानं त्यांच्याकडे ठेवायला दिला होता. "याच हातानं..." एवढंच ते म्हणू शकले.

"ज्याच्यासाठी माया लेक मारला त्यालेच उचलून घेत नाही तू?" तिचा आवाज फाटला. "मंग माया लेक कायच्यासाठी गेला रे?"

बाबा मटकन खाली बसले. त्या अंगणात, तुरीच्या फोलपटात. कोर्टात, कोठडीत, हार घालताना, कधीही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता ते रडत होते आणि तो आवाज दिवसभराच्या हंबरण्यासारखाच होता.

तिनं त्यांना थोपटलं वगैरे नाही. रडू दिलं. मग म्हणाली, "काढ ते गळ्यातलं." बाबांना गाठ सुटेना. ती जवळ आली, वाकली आणि तिनं ती एका झटक्यात सोडली. रोज बांधायची आणि सोडायची सवय असलेले हात होते ते. दावं तिनं आत नेऊन टाकलं. परत आली तेव्हा तिच्या हातात लाकडाचा नंदी होता, चाकांचा, तान्ह्या पोळ्याला पोरं दोरीनं ओढत नेतात तसला. त्याचं एक शिंग तुटलेलं होतं.

"शालिकचा हाय. एवढा बाप्या झाला तरी दरसाली पोट्ट्यायसंगं तान्ह्या पोळ्यात घेऊन जाये. लोकं हासत." तिनं पदरानं नंदीवरची धूळ पुसली. "पोराले दे. तुया हातानं दे. अन् कोनाचा ते सांगजो. मोठा झाल्यावर नाही, आजच."

बाबांनी दोन्ही हात पुढे करून तो घेतला.

"फिटलं असं समजू नको," ती म्हणाली. "हे फिटत नसते. अन् भागरथीनं माफ केलं असंही सांगत फिरू नको. म्या नाही केलं."

"नाही, माय."

"पोळ्याले येत जाय. मायाकडं कोनी येत नाही."

ती पुन्हा सुपापाशी बसली आणि आम्ही निघालो. बाबा नदीकडे वळले नाहीत. वाटेत एक शब्द बोलले नाहीत, आता बोलायला मोकळे होते तरी. नाल्यात उतरताना त्यांनी नंदी घोंगडीत गुंडाळून छातीशी धरला, पाण्याचा शिंतोडा उडू नये म्हणून.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. बाबांनी झोळीतलं पीठ बैलांच्या गव्हाणीत ओतलं. आई परात हातात घेऊन दारात उभी होती, तिनं आधी बाबांच्या गळ्याकडे पाहिलं.

"नदीवर सोडलं?"

"नाही. फेरी मोडली."

"मंग दावं?"

"तिकडंच राह्यलं. शालिकच्या घरी."

बाबा ओसरीवर बसले आणि त्यांनी घोंगडी उलगडून नंदी जमिनीवर ठेवला. गुणू आतून पळत आला आणि आपल्या नेहमीच्या जागी, हातभर लांब, थांबला. तिथूनच त्यानं मान वाकडी करून नंदीचं तुटकं शिंग पाहिलं.

"कोनाचा?"

"शालिकचा."

"शालिक कोन?"

बाबांनी हात पुढे केला. त्यांनी गुणूचा दंड धरला, त्याला ओढून घेतलं आणि मांडीवर बसवलं. गुणू अंग चोरून बसला, त्याला सवयच राहिली नव्हती. बाबांनी त्याच्या केसांवर हनुवटी टेकली.

"शालिक तुले झोका देये," ते म्हणाले. "तू लय हासे."

मी आईकडे पाहिलं. ती बाबांकडेच पाहत होती. मग तिनं हातातली परात अलगद खाली ठेवली.